गुडघ्यांचा रोजमेळ

चातुर्मास संपून कार्तिक पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते आणि घरोघरी पालिताण्याचे बेत आखले जातात. तीन हजारांहून अधिक पायऱ्यांचा तो चढ किंवा सम्मेदशिखरजीची सुमारे 27 किलोमीटरांची वंदना यांचा विषय निघाला, की घरातील ज्येष्ठांपैकी कोणीतरी हलकेच म्हणते, ‘‘तुम्ही जाऊन या. आमचे गुडघे आता साथ देत नाहीत.’’ या एका वाक्यामागे पुष्कळ माघार साठलेली असते. आधी यात्रा सुटते, मग उपाश्रयाचा जिना नकोसा होतो, पुढे पेढीच्या गादीवर मांडी घालून बसणे थांबते आणि अखेर सारा दिवस एका खुर्चीत जातो.

ही माघार बहुतेक वेळा टाळता येते. वर्षानुवर्षे दुखणारा गुडघाही पुष्कळ अंशी सुधारतो, मात्र त्याची वाट एखाद्या नामांकित गोळीतून वा तेलातून जात नाही. ती रोजच्या मोजक्या हालचालीतून जाते. हे पटण्यासाठी दुखते ते नेमके काय, हे आधी समजून घ्यावे लागते.

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि सांध्याला आतून वेढणारे पातळ आवरण वंगणासारखा द्रव निर्माण करते. वयानुसार, वजनाच्या भाराने किंवा जुन्या दुखापतीमुळे कूर्चा झिजते. परंतु कूर्चेला मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. वेदना येते ती सुजलेल्या आवरणातून, कूर्चेखालच्या हाडातून आणि भोवतालच्या स्नायुबंधांतून. म्हणूनच क्ष-किरण चित्रात बरीच झीज दिसूनही एखादी व्यक्ती सुखाने चालते, तर किरकोळ झीज असलेली व्यक्ती रात्रभर कण्हते. ‘गुडघ्यातील गॅप संपली’ हे शब्द ऐकून अनेक जण धीर सोडतात. वास्तविक ते चित्र हाडांमधील अंतर सांगते, माणूस किती चालू शकेल हे सांगत नाही.

उपचारापूर्वी दुखण्याची जात ओळखणे आवश्यक आहे. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा साधारणतः अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तो तासभर वा अधिक टिकत असेल आणि दोन्ही हातांची लहान पेरेही सुजत असतील, तर आमवाताची शक्यता असते. त्यावर वेळेत औषध सुरू न झाल्यास सांध्यांची हानी होते. एकाएकी लाल होऊन असह्य दुखणारा सांधा युरिक आम्लामुळे होणाऱ्या गाऊटचा असू शकतो. चिकुनगुनियाच्या तापानंतरही सांधे कित्येक महिने धरतात. गुडघा गरम व सुजलेला असून सोबत ताप असेल, तर आत जंतुसंसर्ग असण्याचा धोका असतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखापतीनंतर पायावर भारच देता येत नसेल किंवा पोटरीही सुजून दुखत असेल, तरी विलंब करू नये.

झिजेच्या गुडघ्यालाही मधूनमधून सूज चढते. त्या दोन-चार दिवसांत चालणे कमी करावे, पण अंथरूण धरू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे ठेवल्याने आराम पडतो. डायक्लोफेनॅकचे मलम गुडघ्यावर लावणे हा पोटात गोळी घेण्यापेक्षा सौम्य मार्ग होय. वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत तपस्या करणाऱ्या घरांनी विशेष सावध असावे. या गोळ्या जठराला इजा करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. उपवासात पोट रिकामे असते, चौविहार उपवासात तर पाणीही नसते. त्यात रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर मूत्रपिंडावरील ताण धोकादायक ठरतो. अठ्ठाईत बसता यावे म्हणून आदल्या रात्री गोळी घेऊन ठेवण्याची प्रथा काही घरांत दिसते. ती सोडावी आणि पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

सूज ओसरली की खरे काम सुरू होते. दुखते म्हणून माणूस चालत नाही. न चालल्याने मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो. तो अशक्त झाला की प्रत्येक पावलाचा भार सांध्यावर अधिक पडतो आणि गुडघा आणखी दुखतो. हे चक्र तोडण्याचे साधन व्यायाम हेच आहे. डेन्मार्कमध्ये 2013 साली सुरू झालेल्या एका उपक्रमात रुग्णांना आधी दुखण्याची माहिती देतात आणि मग सहा आठवड्यांत बारा वेळा देखरेखीखाली व्यायाम करवून घेतात. तेथील असंख्य रुग्णांची वेदना त्याने कमी झाली आणि अनेक देशांनी ती पद्धत स्वीकारली.

घरी प्रारंभ करण्यास तीन व्यायाम पुरेसे आहेत. पहिला, पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबावी, पाच सेकंद धरून सोडावी. असे दहा वेळा. दुसरा, उताणे निजून एक गुडघा दुमडावा आणि दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच सेकंद धरावा. प्रत्येक पायाने दहा वेळा. तिसरा, भक्कम खुर्चीवरून शक्यतो हातांचा आधार न घेता सावकाश उठावे आणि तितकेच सावकाश बसावे; आठ ते दहा वेळा. याच्या जोडीला सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला त्यात दोन-तीन मिनिटांची भर घालावी. फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत तपासून घेतलेली बरी.

व्यायामात थोडे दुखणारच. त्याची मर्यादा ठरवण्याची सोपी रीत अशी : शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना. व्यायाम करताना पाचपर्यंतची वेदना चालते, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीच्या पातळीवर आला पाहिजे. तो आला नाही, तर आवर्तने निम्मी करावीत. व्यायाम बंद करू नये. व्यापारी घरांत रोजमेळ लिहिण्याची सवय असतेच. त्याच शिस्तीने एका वहीत रोज तीन आकडे मांडावेत : किती मिनिटे चालले, किती आवर्तने झाली, सकाळी वेदना किती होती. एका दिवसाच्या विक्रीवरून वर्षाचा नफा ठरत नाही, तसे एका वाईट दिवसावरून गुडघ्याची परीक्षा करू नये. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि तेव्हा वहीची मागची पाने चाळली की तो स्पष्ट दिसतो.

रोजच्या सवयीही बदलाव्या लागतात. गुडघा पूर्ण दुमडून दीर्घकाळ बसल्याने वाटी व हाड यांच्यातील दाब वाढतो. पेढीवर दर अर्ध्या तासाने उठून गोदामापर्यंत एक फेरी मारावी. 48 मिनिटांचे सामायिक खुर्चीवर बसून केल्याने त्यातील समभाव उणावत नाही. खमासमणे देताना जमिनीपर्यंत वाकणे झेपत नसेल, तर शक्तीनुसार कसे वंदन करावे हे गुरुमहाराजांना विचारावे. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. काठी घेण्यात कमीपणा मानून घरीच बसणारे पुष्कळ आहेत. त्यांचा गुडघा त्या संकोचाची किंमत मोजतो.

वजनाचा हिशेबही डोळ्यांत भरणारा आहे. जादा वजनाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात शरीराचे वजन एक किलोने घटले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे आढळले. दिवसाला काही हजार पावले पडतात, म्हणजे ही बचत केवढी हे सांगावे लागत नाही. पारण्यानंतरचे तळलेले पदार्थ व मिठाई आवरली आणि उणोदरी तप जेवणाच्या ताटावर खरोखर पाळले, तर पाच किलो उतरणे अशक्य नाही.

बाजारातील ‘सांध्यांच्या टॉनिक’बाबत जैन घरांनी वेष्टन वाचल्याशिवाय काही घेऊ नये. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून, तर कॉन्ड्रॉइटिन आणि कोलॅजेन प्राण्यांच्या ऊतींपासून बनवतात. अनेक कॅप्सूलांचे आवरणही जिलेटिनचे असते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने 2019 च्या मार्गदर्शनात गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन वापरू नये, अशी ठाम शिफारस केली. जिथे जीवहिंसा आहे आणि गुणही नाही, तिथे पैसे का घालवावेत? स्टिरॉइडचे इंजेक्शन तीव्र सुजेत काही आठवडे आराम देते. परंतु 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ते घेणाऱ्यांची वेदना खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा कमी झाली नाही, कूर्चा मात्र अधिक झिजली.

एवढे करूनही रात्रीची झोप उडत असेल आणि घरातल्या घरात चालणे कठीण झाले असेल, तर कृत्रिम सांध्याची शस्त्रक्रिया हा चांगला मार्ग आहे. अटलबिहारी वाजपेयी यांनी पंतप्रधानपदी असताना 2000 आणि 2001 साली मुंबईत दोन्ही गुडघ्यांवर ती करवून घेतली होती. 2017 पासून कृत्रिम सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारने कमाल मर्यादा घातली आहे. म्हणून अंदाजपत्रकात सांध्याची किंमत वेगळी दाखवण्यास सांगावे. शस्त्रक्रियेपूर्वी कमावलेला मांडीचा स्नायू त्यानंतर लवकर उभे राहण्यासही उपयोगी पडतो. त्यामुळे तोवर केलेला व्यायाम वाया जात नाही.

कुटुंबीयांचा वाटाही यात मोठा आहे. ‘‘बसा, उठू नका, आम्ही आणून देतो,’’ हे शब्द प्रेमाचे असतात, पण त्यांनी गुडघा अधिक जखडतो. त्याऐवजी सुनेने किंवा नातवाने संध्याकाळी दहा मिनिटे सोबत चालावे आणि वहीतला आकडा विचारावा. पहिल्या वर्षी कदाचित तळेटीचे दर्शन घडेल, पुढच्या वर्षी काही पायऱ्या होतील, उरलेल्या चढासाठी डोली घेतली तरी चालेल. आपण कितपत चढू शकतो, हे घाबरून न ठरवता वहीतल्या आकड्यांवरून ठरवता आले, म्हणजे गुडघा बराच सुधारला असे समजावे.