आधी पटर देतो का ते बघा

गोल्फ हा काही आमच्या किनाऱ्याचा खेळ नव्हे. अलिबागच्या पोरांना कबड्डी ठाऊक, नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट. तरी मांडवा-किहीमकडे बंगले बांधून राहायला आलेली, साठी गाठलेली मंडळी हल्ली मला विचारतात, "सर, चांगला कोच कसा ओळखायचा?" मी शाळेत पी.टी. शिकवायचो, एवढीच माझी पात्रता. मैदान आपल्याच जिल्ह्यात आहे, सिडकोचं खारघरला. वडखळचा खोळंबा सोसून तिथं जायचंच, तर माणूस पारखूनच घ्यावा.

माझी पहिली कसोटी: पहिल्या दिवशी तो हातात काय देतो? ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) आणि बादलीभर बॉल दिले, तर शिकणारा खूश होतो, कोचला आराम मिळतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. १८ होलच्या, ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपवायच्या मैदानाचा हिशेब बघा. प्रत्येक होलला ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या हिरवळीवर, पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके. निम्मा खेळ ग्रीनवर, आणि पटर मात्र शेवटी शिकवायचा?

टेक्सासच्या ऑस्टिन शहरातले गोल्फ कोच हार्वी पेनिक होलपासून सुरुवात करून मागे टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे, जात शिकवायचे. ते स्वतः लहानपणी कॅडी, म्हणजे खेळाडूंची पिशवी वाहणारे, होते. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघे व्यावसायिक गोल्फपटू त्यांचेच विद्यार्थी, पण एकाला शिकवताना दुसऱ्याला ते बघू देत नसत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. १९९५च्या एप्रिलमध्ये पेनिक गेले. क्रेनशॉनं त्यांना खांदा दिला आणि त्याच आठवड्यात मास्टर्स स्पर्धा जिंकली.

आमच्याकडचे काही कोच आल्या-आल्या मोबाइलवर स्विंगचं चित्रण करतात आणि शेजारी टायगर वूड्स लावून दाखवतात. अहो, समोरच्याचे गुडघे बासष्ट वर्षांचे आहेत! कोचनं आधी विचारावं, कंबर कशी आहे, खांदा किती वळतो, आठवड्यातून किती वेळा येणार. मग काही फटके गप्प उभं राहून बघावेत आणि एकच चूक सांगावी. एका तासात सहा चुका सांगणारा कोच फीचं समर्थन करत असतो, शिकवत नसतो.

प्रमाणपत्र जरूर विचारा. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया प्रशिक्षकांना ते देते. कोचनं स्वतः मिळवलेल्या चषकांचं मात्र मला फारसं कौतुक नाही. खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं. त्यापेक्षा त्याच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला गाठा. शक्यतो तुमच्याच वयाचा, पोट सुटलेला. त्याला विचारा, कोच सोबत नसताना बॉल उजवीकडे पळाला तर का पळाला हे तुमचं तुम्हाला कळतं का? "सरांना विचारावं लागेल" असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच राहू द्या.