इराणची ओळख : तख्ताची की घरातली?

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

एखाद्या लोकसमूहाची ओळख कोणी ठरवायची? राजाने, धर्मगुरूने, इतिहासकाराने, की ती पिढ्यान्‌पिढ्या जगून दाखवणाऱ्या साध्यासुध्या माणसांनी? इराणचा इतिहास वाचताना मला हा प्रश्न पडला आणि पुस्तक मिटल्यावरही त्याने माझा पिच्छा सोडला नाही. आपल्यापैकी अनेकांना इराण माहीत असतो तो १७३९ साली दिल्ली लुटणाऱ्या नादिरशहापुरता. फार तर सिकंदराने हरवलेल्या दारयुषापुरता. म्हणजे तख्तापुरता! परंतु ग्रीक, अरब, तुर्क, मंगोल अशा एकामागून एक आलेल्या विजेत्यांच्या अमलाखाली राहूनही जो समाज स्वतःला इराणी म्हणवीत राहिला, तो केवळ तख्ताच्या आधारावर टिकला असेल काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

तख्ताचे काय झाले ते आधी पाहू. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात कुरुशाने उभारलेले हखामनी साम्राज्य त्या काळी जगातले सर्वांत मोठे होते. त्याची भव्य राजधानी पर्सेपोलिस सिकंदराच्या सैन्याने इ. स. पू. ३३० मध्ये जाळली. पुढे इ. स. २२४ मध्ये सासानी घराणे आले. तेही अरबांच्या आक्रमणापुढे कोसळले. ६४२ मध्ये नहावंदची लढाई हरली आणि शेवटचा सम्राट तिसरा यज्दगिर्द ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. राज्य गेले. पुढच्या काही शतकांत बहुसंख्य लोकांचा धर्मही बदलला. जरथुश्त्राचा धर्म पाळणारे थोडे मागे उरले आणि काही समुद्र ओलांडून गुजरातच्या किनाऱ्यावर आले. तेच आपले पारशी बांधव.

राज्य आणि धर्म दोन्ही गेल्यावर काय उरते? इजिप्त, सीरिया, इराक या देशांत हळूहळू अरबी हीच लोकांची भाषा झाली. इराणात तसे झाले नाही. तेथील लोकांनी अरबी लिपी घेतली, असंख्य अरबी शब्द घेतले, पण वाक्य मात्र फारसीच ठेवले. विशेष म्हणजे त्यांनी अरबीचा द्वेषही केला नाही. अरबी व्याकरणाचा आद्य महाग्रंथ लिहिणारा सीबवैही हा जन्माने इराणी होता! दुसऱ्याची भाषा इतकी आत्मसात करायची की तिचे व्याकरण आपण लिहायचे, आणि तरीही घरी आईची भाषा बोलायची, हे मला तलवारीच्या कोणत्याही विजयापेक्षा मोठे वाटते.

याच भाषेत तूस गावच्या फिरदौसीने १०१० च्या सुमारास ‘शाहनामा’ पूर्ण केला. सुमारे पन्नास हजार द्विपदींचा हा ग्रंथ. येथे कोणी म्हणेल की, हा तर राजांचाच ग्रंथ आणि राजाश्रयावाचून असे ग्रंथ होत नाहीत. आक्षेप खरा आहे. बुखाऱ्याच्या सामानी राजांनी फारसीला आश्रय दिला नसता तर तिची वाट बिकट झाली असती. पण ग्रंथ लिहिला जाणे वेगळे आणि लोकांच्या तोंडी राहणे वेगळे. शाहनाम्यातील कथा गावोगावी नेल्या त्या ‘नक्काल’ म्हणजे कथेकऱ्यांनी. कहवाखान्यात उभे राहून, हातवारे करीत, आवाज चढवीत ते रुस्तुम-सोहराबाची कथा सांगत, आणि ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हते असे श्रोते ती ऐकत. बाप अजाणतेपणी आपल्याच मुलाला मारतो, ही गोष्ट समजायला साक्षर असावे लागत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आजी आजही अंगठा उठवते. पण तिला येणाऱ्या कहाण्या मला कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडल्या नाहीत. म्हणून त्या निरक्षर श्रोत्यांचा वाटा मला फिरदौसीच्या खालोखाल वाटतो.

दुसरे उदाहरण नवरोजचे. वसंतसंपाताच्या क्षणी, म्हणजे २०-२१ मार्चच्या सुमारास, इराणचे नवे वर्ष सुरू होते. त्याआधीच्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी लोक पेटत्या जाळावरून उड्या मारतात. घरोघरी ‘हफ्त सीन’ मांडतात. हफ्त म्हणजे सात; आपला ‘हप्ता’ त्यातूनच आला. सफरचंद, लसूण, सिरका अशा ‘स’ने सुरू होणाऱ्या नावांच्या सात वस्तू, आणि त्यांत थाळीत उगवलेले गव्हाचे हिरवे कोंब, अगदी आपल्या घटातल्या धान्यासारखे. तेराव्या दिवशी सारे कुटुंब रानात जाऊन ते कोंब वाहत्या पाण्यात सोडते. या सणाला इस्लामपूर्व काळाची परंपरा आहे, तरीही मुसलमान झालेल्या इराणी घरांनी तो टाकला नाही. १०७९ साली सेल्जुक सुलतान मलिकशाहाच्या कारकीर्दीत ज्या ज्योतिषशास्त्रज्ञांनी कालगणना सुधारून नवरोज वसंतसंपातावर पक्का केला, त्यांत उमर खय्याम होता. सुलतान तुर्क, धर्म इस्लाम आणि नवे वर्ष इराणी! यातले कोणते पान खोटे म्हणून फाडायचे?

परंतु पाने फाडण्याचा मोह सत्तेला नेहमीच होतो. विसाव्या शतकात तर त्याचा कळसच झाला. रझाशहाने १९३६ मध्ये फर्मान काढून स्त्रियांच्या बुरख्यावर बंदी घातली. पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची वस्त्रे ओढली. त्याचा मुलगा महंमद रझाशहा याने १९७१ मध्ये पर्सेपोलिसच्या भग्नावशेषांत अडीच हजार वर्षांच्या राजेशाहीचा डोळे दिपवणारा सोहळा केला. १९७६ मध्ये त्याने कालगणनाच बदलून ती कुरुशापासून सुरू केली. १३५५ चे साल एकाएकी २५३५ झाले! लोकांचा रोष वाढला तेव्हा, १९७८ मध्ये, ते गणित मागे घ्यावे लागले. १९७९ च्या क्रांतीनंतर पारडे उलटले. आता इस्लामी ओळख तेवढी खरी, असा आग्रह सुरू झाला आणि १९८३ मध्ये कायद्याने डोके झाकणे सक्तीचे झाले. एकाने पदर ओढून काढला, दुसऱ्याने तो ओढून घातला. ‘बाई, तुला काय हवे?’ असे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. एक मुलगी म्हणून मला हे वाचताना संताप आला, तो यासाठी.

इराणी म्हणजे केवळ फारसी, हीदेखील अशीच एक तख्ताची व्याख्या आहे. तब्रीझच्या घरांत अझेरी तुर्की बोलतात, सनंदजमध्ये कुर्दी, खुझेस्तानात अरबी, आग्नेयेला बलुची. १५०१ मध्ये इराणला शिया पंथाचे राज्य बनवणारा शहा इस्माईल स्वतः तुर्कीत कविता करीत असे. असे असूनही पहलवी राजवटीत शाळेतून फारसीखेरीज दुसरी भाषा चालत नसे. ज्या भाषेने अरबांच्या अमलाखाली स्वतःचा जीव वाचवला, तिच्याच नावाने दुसऱ्या भाषांचा गळा दाबावा, हा केवढा विपर्यास! पण लोक येथेही पुढे गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये साकेझ या कुर्दी गावची महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी तेहरानमध्ये नीतिपोलिसांच्या कोठडीत असताना मरण पावली. तेव्हा देशभर उमटलेली ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा मुळात कुर्दी होती. फारसी बोलणाऱ्या मुलींनी ती आपल्या भाषेत ‘झन, झेंदेगी, आझादी’ अशी दिली. त्यातल्या जिंदगीचा आणि आझादीचा अर्थ आपल्याला सांगावा लागत नाही.

आणि तो का सांगावा लागत नाही? कारण ती फारसी आपल्याही घरात आहे. कागद, शाई, बाजार, जमीन, हजार हे शब्द तिचेच. ज्या दप्तरात पुस्तके घालून आपण शाळेत गेलो ते दप्तरही तिनेच आणून दिले. पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ १९३३ साली आपल्या मुंबईत तयार झाला. आपले माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी फारसी-मराठी कोश रचला आणि भाषाशुद्धीचा पुरस्कारही केला. या शब्दांनी मराठी बाटली असे ज्यांना वाटते, त्यांनी इराणकडे पाहावे. घेतल्याने ओळख बुडत नाही. स्वतःचे बोलणे सोडल्याने बुडते.

मित्रमैत्रिणींनो, हे सारे मी का लिहिले? आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घराण्याचा उल्लेख कोणत्याही बखरीत नाही. कॉलेजात आल्यावर घरची बोली दाराबाहेर ठेवावी असे आपल्याला वाटू लागते. ओळख जर तख्ताचीच असेल, तर आपल्याला ती नाहीच. पण कहवाखान्यातल्या श्रोत्यांनी आणि थाळीत गहू उगवणाऱ्या बायकांनी जर एका देशाला त्याचे सत्त्व राखून दिले असेल, तर आपल्या आयाआज्यांनीही काही राखलेले आहे. ते पुसून शिकायचे नाही; ते घेऊन शिकायचे, एवढेच मला म्हणायचे आहे.