‘निघून तर बघू’ची किंमत

उत्तर अमेरिकेतील हिवाळ्याविषयी मराठी मंडळांत जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा साधनांभोवती फिरते. बर्फाचे टायर, चारही चाकांना जोर देणारी गाडी, बर्फ उडवणारे यंत्र आणि जनरेटर यांची यादी झाली की तयारी पुरी झाली असे मानले जाते. मोठ्या हिमवादळांचा इतिहास तपासला तर मात्र असे दिसते की माणसे अडकतात ती बहुधा निघण्याचा बेत वेळेवर न मोडल्यामुळे, आणि बेत मोडणे जड जाते ते पलीकडे कोणीतरी वाट पाहत असते म्हणून. यात बोलावणाऱ्याचा, म्हणजेच पर्यायाने मंडळाचाही, वाटा येतो.

पुष्कळ बर्फ पडला एवढ्यावरून त्याला ब्लिझर्ड म्हणता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येनुसार ताशी 35 मैल, म्हणजे सुमारे 56 किलोमीटर, वेगाचा वारा आणि उडत्या बर्फामुळे पाव मैलाहून कमी झालेली दृश्यता ही स्थिती किमान तीन तास टिकावी लागते. बफेलो शहराच्या वाट्याला हे वारंवार येते ते ईरी सरोवरामुळे. हिवाळ्याच्या पहिल्या टप्प्यात सरोवराचे पाणी अजून हवेपेक्षा ऊबदार असते. गार वारा सरोवराच्या लांबीवरून वाहताना ऊब आणि बाष्प उचलतो, ती हवा वर चढते, आणि पूर्व टोकाला वसलेल्या शहरावर ते बाष्प बर्फाच्या अरुंद पट्ट्यात उतरते. यालाच ‘लेक इफेक्ट’ म्हणतात. पट्टा इतका अरुंद असतो की एका उपनगरात कंबरभर बर्फ आणि थोड्याच अंतरावर लख्ख ऊन असे सहज घडते, त्यामुळे घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या आकाशावरून वाटेतले हवामान ठरवणारा हमखास फसतो. सरोवर गोठले की बाष्पाचा पुरवठा थांबतो खरा, पण 1977 च्या जानेवारीत गोठलेल्या सरोवरावर साचलेला भुसभुशीत बर्फच वाऱ्याने बफेलोवर आणून टाकला होता.

23 डिसेंबर 2022 रोजी सुरू झालेल्या वादळात बफेलोमध्ये ब्लिझर्डची स्थिती सुमारे 37 तास टिकली आणि विमानतळावर चार-पाच दिवसांत 51.9 इंच बर्फाची नोंद झाली. हवामान सेवेने इशारा कित्येक दिवस आधीच दिला होता. तरीही ईरी काउंटीतील वाहनबंदी त्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला लागू झाली, आणि तिची घोषणा त्याआधी तासभरही झालेली नव्हती. तोवर पुष्कळ लोक कामावर पोहोचले होते. पुढे अग्निशमन दलाच्या गाड्याही रुतल्या. एकट्या ईरी काउंटीत चाळीसहून अधिक माणसे दगावली, कोणी रस्त्यावर, कोणी गाडीत, कोणी वीज गेलेल्या गारठलेल्या घरात, तर कोणी बर्फ उपसताना. त्याच शुक्रवारी नायगाऱ्याला निघालेल्या कोरियन पर्यटकांची व्हॅन विल्यम्सव्हिल येथे रुतली आणि तिच्यातील दोघांनी जवळच्या घरी फावडे मागितले. घरच्या जोडप्याने फावड्याऐवजी दहाही जणांना आत घेतले आणि पाहुण्यांनी त्या घरातल्याच किमचीचा स्वयंपाक करून दोन-तीन दिवस काढले. या गोष्टीचे कौतुक जगभर झाले, पण भारतातून आलेल्या आईवडिलांना नाताळच्या सुट्टीत नायगारा दाखवायला नेणाऱ्या कुटुंबांनी तिच्यातले दार उघडले नसते तर काय झाले असते, याचाही विचार करावा.

अंदाज नेहमी चुकतात, उगाच कार्यक्रम रद्द करावे लागतात, असा आक्षेप यावर घेतला जातो. 6 फेब्रुवारी 1978 रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये नेमके हेच घडले. सकाळी सांगितलेल्या वेळेला बर्फ सुरू झाला नाही, म्हणून लोक निर्धास्तपणे कचेरीत गेले, आणि दुपारनंतर बॉस्टनला वळसा घालणाऱ्या 128 क्रमांकाच्या रस्त्यावर तीन हजारांहून अधिक मोटारी बर्फात गाडल्या गेल्या. अंदाज काही तासांनी चुकला होता, वादळाबाबत नव्हे. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी बर्फातून सुटते लवकर, पण थांबते इतर गाड्यांइतक्याच अंतरात. नव्या मालकांना हे सहसा पहिल्या उतारावर कळते. अडकलेल्या गाडीतून चालत निघण्यापेक्षा आत थांबणे बरे, मात्र इंजिन थोडा वेळच चालवावे आणि त्याआधी धूर सोडणाऱ्या नळीभोवतीचा बर्फ काढावा, कारण ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू आत साचतो.

घरी थांबणे म्हणजे आपोआप सुरक्षित होणे, असेही नाही. गॅसवर चालणारी भट्टी वीज गेल्यावर बंद पडते, कारण तिचा पंखा आणि नियंत्रण विजेवरच असते. नव्या घरांत भट्टीच्या दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या बाहेरच्या भिंतीतून जमिनीलगत निघतात, त्या बर्फाखाली गेल्या की भट्टी बंद होते किंवा दूषित वायू घरात परतू शकतो. फावडे हाती घ्यायचे तर आधी त्यांच्यासाठी. उबेसाठी गॅसची शेगडी पेटती ठेवणे किंवा कोळशाची बार्बेक्यू घरात आणणे जिवावर बेतते. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार तुलनेने कमी वयात आढळतो, म्हणून एरवी लॅपटॉपसमोर बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाने कडाक्याच्या थंडीत ओला जड बर्फ एका दमात उपसणे हा व्यायाम मानू नये.

मंडळाचा प्रश्न येतो तो संक्रांतीच्या कार्यक्रमापाशी. सभागृहाचे पैसे भरलेले असतात, केटररला आकडा कळवलेला असतो, म्हणून निर्णय ‘सकाळी बघू’ यावर ढकलला जातो, आणि दीड-दोन तासांवर राहणारी कुटुंबे, नाटुकल्यात मुलाचे काम आहे एवढ्यासाठी, गाडी काढतात. वास्तविक हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करण्याची रीत आहे, तेव्हा दुसरी तारीख शोधण्यात धर्माची काही अडचण नाही. सभागृहाशी करार करतानाच पर्यायी शनिवार राखून ठेवावा, आदल्या दिवशी दुपारी निर्णय होईल आणि कोणाला यायचे नसेल तर पैसे परत मिळतील, हे पहिल्याच पत्रकात छापावे, आणि हा निर्णय तिकीटविक्री सांभाळणाऱ्या खजिनदाराकडे सोपवू नये.