टॉवरची भीती आणि चार हजारांची मोजणी

मा. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री व खासदार, बुलढाणा



2024 सरता सरता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगण्यात लोकांचे केस गळू लागले, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पथकाआधी अफवा पोहोचल्या होत्या. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. पुढे वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. मोबाइल टॉवरचंही तसंच चाललंय. एक म्हणतो मेंदू पोखरला जातो, दुसरा म्हणतो काहीच होत नाही. आणि दोघांनाही पुराव्याची गरज वाटत नाही.

पुरावा थोडा आहे, पण आहे. 2006 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदरांना 2 तास मोबाइलच्या 915 मेगाहर्ट्झ लहरींत ठेवून त्यांच्या लहान मेंदूतली सुमारे 8,800 जनुकं तपासली. 11 जनुकांची क्रिया वाढली, एकाची मंदावली. डीएनए मात्र तुटलेला आढळला नाही. आता, जनुकाची क्रिया बदलणं म्हणजे आजार नव्हे. ती तापानं बदलते, जागरणानंही बदलते. शिवाय इतकी जनुकं एकदम मोजली की काही निव्वळ योगायोगानं हललेली दिसतात. असा प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत, जास्त उंदरांवर पुन्हा करूनच खरंखोटं ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या 2024 च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. ही दिलाशाची गोष्ट आहे, पण पेशीच्या आत काय घडतं हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आणि टॉवर पाडून तर तो मुळीच सुटणार नाही. मेंदूला जास्त लहरी मिळतात त्या कानाला लावलेल्या फोनकडून, आणि रेंज कमी असली की फोन आणखी जोर लावतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे जिथे रेंज तुटते तिथल्या माणसाला हे सांगणारं कुणी नाही.

टॉवरच्या लहरींसाठी 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा आहे. चांगला नियम. पण तो पाळला जातो का, हे गावाला कसं कळावं? 2017 मध्ये सरकारी पोर्टल सुरू झालं, त्यावर टॉवरच्या लहरींची मोजणी मागवायची फी 4,000 रुपये ठेवली. 2024 च्या हंगामात बाजारात क्विंटलभर सोयाबीनला साधारण तेवढेच पैसे मिळत होते. शंका फेडायला कोण क्विंटल घालवणार?

साहेब, आयसीएमआर आपल्याच मंत्रालयाखाली येते. मेंदूच्या पेशींवरचे हे प्रयोग पुन्हा, नीट करायला तिला सांगा. दूरसंचार खात्याकडून ग्रामसभेसमोर फुकट मोजणी करवून घ्या. आकडे काहीही येवोत, ते मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

आपला,
मतदारसंघातला एक मतदार