नकाशावरची रेघ

दोस्तांनो, तुमच्या लेआउटमध्ये एखादी मोकळी जागा असेलच. संध्याकाळ झाली की सगळी पोट्टी तिथेच! पण तिथे मैदान राहणार की रस्ता होणार, हे कुठे ठरतं ठाऊक आहे? विकास आराखड्यात.

आराखडा म्हणजे पुढच्या वीसेक वर्षांचा शहराचा नकाशा. शाळा, बाग, घरं, रस्ते, सगळ्यांच्या जागा त्यात रंगवलेल्या. आता नकाशा काढणारे साहेब कितीही हुशार असले, तरी त्यांना प्रत्येक गल्ली कुठली माहीत असायला! म्हणून १९६६ च्या नगररचना कायद्यात सोय आहे. आधी कच्चा, म्हणजे 'प्रारूप' आराखडा जाहीर करायचा. मग ठरलेल्या मुदतीत कुणीही लेखी हरकत घ्यावी, आणि तिची सुनावणी व्हावी.

२०१५ साली नागपूर सुधार प्रन्यासाने शहराभोवतीच्या ७१९ गावांचा असा आराखडा मांडला, तेव्हा हजारो हरकती आल्या. त्याच वर्षी मुंबईत तर कमालच झाली. आराखड्यात चक्क उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवलेले! हरकतींचा ढीग पडला. शेवटी एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला लावला. पक्का आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं.

गोची एवढीच, की ही सूचना पेपरात बारीक टायपात येते. कुणी वाचत नाही, मुदत संपते, आणि बुलडोझर आला की आपण विचारतो, "हे ठरलं कधी?"

दिसली तर आईबाबांना दाखवा. अर्जात सर्व्हे नंबर, चूक काय आणि हवं काय, एवढं पुरतं. अक्षर तुमचं असलं तरी चालेल!