जुळे कॅमेरे आणि कोटा साडी

एरवी या सदराला येणारी पत्रं म्हणजे मसाले, डाग नाहीतर शिवणकाम. या वेळी मात्र एक निराळंच पत्र आलंय. पत्र लिहिणाऱ्या बाई घरातूनच साड्या विकतात. साडीचे फोटो मोबाइलवर पाठवायचे, मागणी आली की पार्सल करायचं. भिशीचे आणि शिवणाचे साठवलेले पैसे घालून त्या आता वापरलेला पण चांगला कॅमेरा घेणार आहेत. दुकानदाराने दोन दाखवले, कॅनन ५डीएस आणि कॅनन ५डीएस आर. ‘आर’चे तो जास्त पैसे मागतो, म्हणतो फोटो अधिक स्वच्छ येतो. घरच्यांचं म्हणणं, एकदाच घ्यायचाय तर भारीतला घे. काय करू, असं त्या विचारतात.

पैसे कष्टाचे आहेत, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. माझ्या नणंदेचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे यातला एक कॅमेरा आहे, त्याच्या भागीदाराकडे दुसरा. रविवारी दोघांना जेवायला बोलावलं आणि पानं वाढण्याआधी कामाला लावलं!

हे दोन्ही कॅमेरे २०१५ साली आले. अगदी जुळे. आतला प्रकाश टिपणारा तुकडा ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या जुन्या रोलमधल्या एका चौकटीएवढा. त्याला फुल फ्रेम म्हणतात. दोघांतही ठिपके पाच कोटींच्या वर. वजन, बटणं, सगळं सारखं. तेव्हा अमेरिकेत ५डीएसची किंमत ३,६९९ डॉलर होती आणि ‘आर’ची ३,८९९. हे दोनशे डॉलर कशाचे, तर एका पडद्याचे.

हा पडदा काय ते सांगते. दुहेरी मच्छरदाणी कधी नीट पाहिलीत का? दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की त्यांत नसलेल्याच लाटा दिसायला लागतात. कॅमेऱ्यातही ठिपक्यांची जाळीच असते. समोर बारीक विणीचं कापड आलं आणि दोन्ही जाळ्या जवळपास सारख्या पडल्या की फोटोत लाटा उमटतात. त्याला म्वारे म्हणतात. त्यातून कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग टिपतो, म्हणून या लाटा रंगीतही होतात. हे टाळायला ५डीएसमध्ये एक पातळ थर चित्र अगदी किंचित मऊ करतो. ‘आर’मध्ये त्या थराचा परिणाम दुसऱ्या थराने खोडून काढला आहे. म्हणून चित्र जास्त रेखीव, आणि म्हणूनच लाटांची भीती जास्त.

आम्ही आधी साधी रेशमी साडी टांगली. एकच लेन्स, एकच स्टँड, खिडकीचा उजेड. संगणकावर पूर्ण मोठं करून पाहिलं तेव्हा ‘आर’मध्ये जरीचा धागा खरोखरच थोडा अधिक सुटा दिसला. भाचा खूश झाला. मग त्याच फोटोंच्या आठ बाय बारा इंची प्रती समोर ठेवल्या. कुठली कोणत्या कॅमेऱ्याची, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. साहजिकच आहे. इंचाला ३०० ठिपके हा छपाईचा नेहमीचा हिशेब धरला तर एवढ्या प्रतीला ८६ लाख ठिपके पुरतात. पाच कोटींचं काम २९ बाय १९ इंचाच्या प्रतीला.

मग माझी कोटा साडी काढली, बारीक चौकटींची. पाच-सहा पावलांवरून काढलेल्या ‘आर’च्या फोटोत पदरावर पिवळट-जांभळट पट्टे! साडी मोतिया रंगाची आहे हो. ५डीएसमध्येही शोधले तर सापडले, पण अगदी पुसट. एक पाऊल मागे गेल्यावर ‘आर’चे पट्टेही कमी झाले, पण इरकलीच्या चौकडीवर पुन्हा आले. “मामी, हे संगणकावर पुसता येतं,” भाचा म्हणाला. येत असेल. पण पन्नास साड्यांचे फोटो पुसत बसायला बाईला वेळ कुठला?

आता मोबाइलचं बघा. त्याच्या पडद्याची रुंदी बहुधा १०८० ठिपक्यांची. फोटो लहान होताना ‘आर’चा जादा बारकावा सगळा गळून जातो. पट्टे मात्र रुंद असतात, ते उरतात. आणि गिऱ्हाईक ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून पार्सल परत पाठवतं, त्याचा भुर्दंड विकणाऱ्या बाईला.

तेव्हा त्यांच्या कामाला माझ्या मते साधा ५डीएसच बरा. डोंगर-दऱ्यांचे भिंतभर फोटो छापणाऱ्यांनी खुशाल ‘आर’ घ्यावा. अंधाऱ्या जागी दोघेही सारखेच. काळ्या चंद्रकळेची घडी उजळायला गेलात तर दोन्हींत रवाळपणा येतो, म्हणून उजेड पुरेसा ठेवा. वाचलेल्या पैशात एक भक्कम स्टँड घ्या, उरले तर बरी लेन्स. एवढ्या ठिपक्यांत हाताची जराशी थरथरही उमटते, आणि मग पडद्याचा वाद काढण्यात काही अर्थ राहत नाही. एकेक मूळ फाइल साठेक एमबीची होते, तेव्हा साठवणीची सोयही आधी पाहा.

दुकानात जाताना आपली सर्वांत बारीक विणीची साडी पिशवीत घालून न्या. तीन-चार निरनिराळ्या अंतरांवरून फोटो काढायला लावा आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर नव्हे, संगणकावर मोठे करून बघा. शटर किती वेळा उघडलंय तेही विचारा. या कॅमेऱ्यांचं शटर दीड लाख वेळांच्या हिशेबाने केलेलं आहे. लाखाच्या पुढे गेलेलं असेल तर भाव पाडून मागायला संकोच करू नका.