महालक्ष्म्यांच्या बाळांचा रंग

भाद्रपद जवळ आला की वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावांत माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. जुन्या लुगड्यात गुंडाळलेले ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे बाहेर निघतात आणि त्यांच्यासोबत त्यांची बाळं. कोकणात गौर तेरड्याची किंवा खड्यांची असते. मराठवाड्यात महालक्ष्म्या लेकरं घेऊन येतात, तीन दिवस राहतात, सोळा भाज्या आणि पुरणाचा नैवेद्य घेऊन मूळ नक्षत्रावर निघतात. पेटी उघडली की घरातली बाई आधी बाळाचं तोंड न्याहाळते. ओल लागून कुठं नाकाचा शेंडा उडालेला असतो, कुठं गालावर गेल्या वर्षीचं कुंकू मुरलेलं असतं. मग बाळ रंगवायला जातं, आणि परत येतं ते आधीपेक्षा गोरं होऊन. काही घरांतली बाळं तर इतकी गुलाबी-पांढरी झाली आहेत की त्यांना मांडीवर घेतलेल्या मुलींचे हात शेजारी दिसले म्हणजे ती या घरची वाटत नाहीत.

हे थांबायला हवं, आणि थांबवणं अवघडही नाही. अडचण आहे ती चूक दुरुस्त करण्याच्या रीतीत. डाग पडला, छटा बिघडली, गाल फार लाल झाले, की सोपा उपाय एकच: सगळ्यावर पांढरा हात मारायचा आणि नव्यानं गुलाबी चढवायचं. ऑइल पेंटचा प्रत्येक हात जाड. चार-पाच वेळा असं झालं की नाकपुड्या बुजतात, पापणीची कड गोल होते, दोन ओठांमधली बारीक खाच भरून जाते. शाडूत कारागिरानं कोरलेलं बाळ आतच राहतं आणि वर चकचकीत गोळा उरतो. मग हरवलेले डोळे-ओठ काळ्या-लाल रेघांनी काढावे लागतात. रंग चुकला म्हणून आकार गेला, हे मोठं नुकसान आहे.

हुबेहूब बाळासारख्या बाहुल्या हातानं रंगवणाऱ्यांची एक वेगळी दुनिया जगभर आहे. ‘रिबॉर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाहुल्यांची सुरुवात गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झाली. कोऱ्या व्हिनाइलचं डोकं आणि हातपाय घेऊन त्यावर पाण्यासारखे पातळ रंगाचे अनेक थर द्यायचे, आणि प्रत्येक थर इतका विरळ ठेवायचा की खालचा दिसत राहावा. यातल्या एका प्रकारचे रंग हवेवर वाळत नाहीत; सुमारे १३० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवले की पक्के होतात. म्हणून भाजण्याआधी चूक दिसली तर थिनरच्या बोळ्यानं तेवढाच थर पुसता येतो. भाजल्यावर मात्र पुसापुशी चालत नाही. तिथं रंगाला रंगानंच उतारा द्यावा लागतो: अंग फार लाल झालं तर हिरव्याचा अगदी पातळ हात, पिवळं झालं तर जांभळ्याचा, नारिंगी झालं तर निळ्याचा. स्पंजनं टिपत जायचं. दोन विरुद्ध रंग एकमेकांना शमवतात आणि मधून कातडीसारखी छटा वर येते. या उताऱ्यात पांढऱ्याला जागा नाही.

ही रीत महालक्ष्म्यांच्या बाळांनाही लागू पडते. शाडू किंवा प्लास्टरच्या मुखवट्यावर अॅक्रिलिक पातळ करून असेच थर देता येतात. ते वाळल्यावर थोडे गडद होतात, त्यामुळे ओल्यावर निर्णय घ्यायचा नाही. ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही. दुपारच्या उजेडात ओसरीवर बघायचं. हळदीचा हात देऊन कांती आणण्याचा मोह हळदीच्या मुलखात होणारच (वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे), पण हळदीचा रंग उजेडात उडतो आणि चुन्याशी गाठ पडली की लाल होतो. पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं. पूजेची हळद बाळाच्या कपाळाला लावावी, अंगाच्या रंगात मिसळू नये.

आता खरा प्रश्न: कोणता रंग बरोबर? बाळ जन्मतं तेव्हा निळसर-जांभळट असतं. श्वास सुरू झाला की छाती-पोट आधी उजळतं, हाता-पायांचा निळेपणा दिवसभर रेंगाळू शकतो. त्यानंतर आपल्याकडची बाळं सुरुवातीला उजळ दिसतात आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांचा रंग पक्का होतो. म्हणून तर आज्या बाळाच्या कानाची कड बघून ‘हा बापावर जाणार’ असं सांगतात, आणि त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही. तळहात-तळपाय उरलेल्या अंगापेक्षा फिकट, नखांच्या मुळाशी गडदपणा, ओठ तपकिरीकडे झुकलेले गुलाबी. कमरेवर, माकडहाडाच्या आसपास बहुतेक भारतीय बाळांना निळसर-करडा डाग असतो, तो वाढत्या वयात पुसट होतो. परदेशी नमुना समोर ठेवून रंगवलेल्या बाहुलीत हा डाग नसतो. हट्ट्यातल्या कुठल्याही बाळंतिणीला विचारा, तिला तो ठाऊक असतो.

असा रंग साधायला महागडी पेटी लागत नाही. गेरू आणि पिवडी या दोन मातीच्या छटांनी निम्मं काम होतं. सावलीसाठी तपकिरीत निळ्याचा थेंब. काळा तेवढा टाळावा. काळा मिसळला की बाळ सावळं होत नाही, मळकट होतं, आणि मग ‘सावळं चांगलं दिसत नाही’ असा उलटा निष्कर्ष निघतो.

देवीचं बाळ उजळच हवं, असं म्हणणारे भेटतात. मराठवाड्याची कुलस्वामिनी तुळजाभवानी काळ्या पाषाणात उभी आहे. तिच्या लेकरांना गोरेपणाची अट कुणी घातली? मुलांच्या मनावर याचा परिणाम होतो, हेही नवं नाही. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्यानं १९४० च्या दशकात अमेरिकेत काळ्या मुलांपुढे गोरी आणि सावळी बाहुली ठेवली, तेव्हा बहुसंख्य मुलांनी गोरी चांगली म्हणून उचलली. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात त्या अभ्यासाचा आधार घेतला गेला. पुढे १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागात शिंदाना टॉइज या कंपनीनं ‘बेबी नॅन्सी’ ही सावळी बाहुली बाजारात आणली. नुसती गोरी बाहुली तपकिरी रंगात बुडवून काढली नाही, नाक-ओठही तिथल्या मुलांसारखे घडवले.

आरोग्याच्या कामातही बाळाचा रंग हा कळीचा मुद्दा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ पासून देशभरातल्या आशा ताई घरी जाऊन बाळं पाहू लागल्या. कावीळ चेहऱ्यावर आधी दिसते आणि खाली पायांकडे उतरते. सावळ्या अंगावर ती ओळखायला डोळे, हिरड्या, तळपाय बघावे लागतात. प्रशिक्षणातली बाहुली गुलाबी असेल तर हे शिकवायचं कशावर? सावळ्या रंगाच्या प्रशिक्षण-बाहुल्या मिळतात. खरेदी करताना त्याच मागवाव्यात, आणि नसतील तिथं जवळच्या मूर्तिकाराकडून कावीळ झालेलं, निळं पडलेलं आणि निरोगी अशी तीन सावळी बाळं रंगवून घ्यावीत. खर्च मोठा नाही, कारागिराला पावसाळ्यापलीकडचं काम मिळेल.

एक गोष्ट मात्र सांभाळून करायची: रंग निवडणं आणि जुना रंग काढणं. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग अशी नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि लाल रंगात, शिसं भरपूर असायचं. औद्योगिक वापराचे रंग तर या नियमाच्या बाहेरच आहेत, त्यामुळे गाड्यांसाठीचा स्प्रे बाळावर मारू नये. जुन्या मुखवट्याचे पोपडे कोरडे घासू नयेत. ती पूड श्वासातून आणि हातांवरून पोरांच्या पोटात जाते. किंचित ओलसर पॉलिश पेपरनं, घराबाहेर, कागदावर काम करावं आणि तो कागद गुंडाळून टाकून द्यावा.

याला वेळ लागतो. श्रावणात मूर्तिकारांपुढे गणपतींची रांग असते, तेव्हा पेटी घेऊन गेलं की घाईत पांढरा हातच मिळणार. मुखवटे आणि बाळं आषाढातच द्यावीत, सोबत घरातल्या बाळाचा उन्हात काढलेला एखादा फोटो द्यावा, आणि जुने थर काढायचे वेगळे पैसे आधीच ठरवावेत.